उजव्या तोंडाची गोगलगाय

६ ऑक्टोबर

धाकट्या,

माणसाचं हृदय, चार कप्प्यांचं, कपाटासारखं उघडणारं, आतल्या झडपा मऊ चामड्याच्या. कान, तीन भागांत सुटणारा. डोळा, मागून चावी फिरवली की बाहुली लहानमोठी होणारा. दाढ, उभी चिरलेली, नस दिसेल अशी. बेडूक, पोट उघडा. जास्वंद, एकेक पाकळी काढता येणारी. काठीवर चढलेला घेवड्याचा वेल. गोगलगाय, अर्धी कवचाबाहेर, शिंगं पितळी तारेची. शिवाय हे सगळं करायला लागलेली हत्यारं : छत्रीच्या काडीची कोरणी, घड्याळाच्या स्प्रिंगची पाती, सायकलच्या आऱ्याचा टोच्या.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला एक कार्ड दिलं आणि स्वतःच्या हातांनी काय काय केलंय ते लिहायला सांगितलं. वर्गातल्या पोरापोरींनी पदव्या लिहिल्या. मी वरचं लिहिलं, मोडक्या भाषेत पण सुवाच्य अक्षरात. शेवटी 'रंगकाम : धाकटा भाऊ' एवढं लिहायचं राहून गेलं. कार्ड लहान होतं.

तू मला सोडायला आला नाहीस. ठीक आहे. गाडी हलेपर्यंत मी दारात उभा होतो, ते काही तुझी वाट बघत नव्हे. आत पेटी ठेवायला जागा होत नव्हती.

खोली बरी आहे. दार खाली घासत होतं, ते आल्या दिवशीच उतरवून तासलं. वसतिगृहाची वॉर्डन म्हणाली, आधी परवानगी घ्यायला हवी होती. मी म्हटलं, घासायला लागताना दाराने घेतली होती का? ती हसली नाही. माझ्या बोलण्यातला अर्थ इथे निम्मा पोचतो, आणि पोचतो तो नेमका नको तो निम्मा.

शाळा म्हणजे संग्रहालयांसाठी नमुने करायला शिकवतात ती. मला शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काय असणार म्हणा. शिष्यवृत्ती चालून आली, नाही कशाला म्हणा, म्हणून आलो. बाई आपल्या आईच्या वयाच्या, हातावर जुन्या कामाच्या खुणा, म्हणजे नुसत्या बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मी सोबत आणलेली गोगलगाय त्यांनी हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. म्हणाल्या, "काम फार स्वच्छ आहे. पण हे चित्राचं चित्र आहे." मग आणखी काही बोलणार होत्या, तेवढ्यात माझा चेहरा बघून थांबल्या असाव्यात.

चित्राचं चित्र! तीस वर्षांत एकाही शाळेने नमुना परत पाठवला नाही.

आणि शिकवतात काय, तर शाळेमागे जंगल आहे, तिथे प्रत्येकाला दोरीने हातभर जमीन आखून दिलीय. दर मंगळवारी सकाळी आपापल्या तुकड्यापुढे बसायचं. चित्र काढायचं नाही, मोजायचं नाही, नुसतं बघायचं. बावन्न वर्षांच्या माणसाला!

थिनरचा डबा उघडा ठेवू नकोस.

दादा


२३ ऑक्टोबर

धाकट्या,

रविवारी फोन केला होता. चिमणीच्या आईने उचलला. "भाऊजी, ते झोपलेत," म्हणाली. झोपेत माणूस एवढा खोकतो का रे? चिमणीची शाळा कशी चाललीय विचारलं, ठेवला. तुझी बायको खोटं बोलताना आवाज चढवते, हे तिला एकदा सांगून ठेव.

माझ्या वाट्याच्या जमिनीत एक कुजका ओंडका, त्यावर शेवाळ, दोन नेचे, बाकी पाचोळा. पहिले दोन मंगळवार मी मनातल्या मनात आपल्या कारखान्याचं छप्पर दुरुस्त केलं. तिसऱ्या मंगळवारी छप्पर संपलं. मग बघण्यावाचून इलाज उरला नाही.

शेवाळ हिरवं नसतं. तुला माहीत असेल, तू रंगवाला. मला आत्ता कळलं. वरून पिवळट, खाली तपकिरी, आणि हिरवं आपल्याला वाटतं ते या दोन्हींच्या मधे कुठेतरी. ओंडका सारखा आतून थोडा थोडा मोकळा होत असतो. मी पटाशीने दिवसभरात काढीन तेवढा भुसा तिथे किडे काढून ठेवतात, आणि कोणाला दाखवत नाहीत.

परवा गोगलगाय आली. मोठी, बोटाच्या पेरापेक्षा मोठी, ओली. माझ्या बुटावर चढली, पलीकडून उतरली. मी हललो नाही. बूट म्हणजे दगड आणि मी म्हणजे दगडावरचं काहीतरी, एवढीच तिने माझी दखल घेतली.

आणि गंमत ऐक. इथल्या गोगलगायी उलट्या आहेत! कवचाचं टोक वर धरलं आणि तोंड आपल्याकडे केलं, की आपल्या गोगलगायीचं तोंड येतं डाव्या हाताला. इथल्यांचं उजव्या. चार धरून बघितल्या, चारही तशाच. इथे गाड्या उलट्या बाजूने चालतात, दिव्याची बटणं वर केली की दिवा लागतो, तेव्हा गोगलगायी तरी सरळ का असाव्यात? बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडच्या डाव्या असतात? खात्री आहे?" मी म्हटलं, मी तीस वर्षं करतोय. त्या म्हणाल्या, "करताय, हो."

शब्द साधेच होते. पण म्हणण्याची तऱ्हा मला आवडली नाही.

दादा


५ नोव्हेंबर

धाकट्या,

एक काम आहे. भांडण बाजूला ठेव, काम झालं की पुन्हा उचल.

न्हाणीमागे नळ आहे ना, त्याच्या मागच्या ओलसर भिंतीवर गोगलगायी असतात. एक उचल. टोक वर, तोंड तुझ्याकडे. तोंड कुठल्या हाताला येतं ते कळव. आणि कुंपणावर घेवडा असेल तर वेल काठीला कुठल्या बाजूने गुंडाळत वर जातो तेही बघ. पाहून झाल्यावर मला पोस्टकार्ड टाक. एक शब्द पुरे. डावं किंवा उजवं.

असं का विचारतोय म्हणशील. इथे पोस्टाजवळ एका घराच्या कुंपणाला वेल आहे. मी त्याच्यासमोर इतका वेळ उभा होतो की घरातली बाई पडदा सारून बघायला लागली. तो आपल्या नमुन्याच्या बरोबर उलटा चढतो. आता गोगलगायही परक्या देशाची म्हणून उलटी आणि वेलही परका म्हणून उलटा, असं एकदा म्हणता येतं. दुसऱ्यांदा म्हणताना जीभ अडखळते.

मी मूळ आकृत्या कशा उतरवल्या ते तुला ठाऊक नाही, तू तेव्हा शाळेत होतास. पुस्तक मास्तरांचं, दोन दिवसांत परत द्यायचं असायचं. मी चित्रावर बटरपेपर ठेवून गिरवून घ्यायचो. मग कागद पालथा घालून लाकडावर ठेवायचा आणि मागून चमच्याने घासायचं, की शिशाची रेघ लाकडावर उतरते. युक्ती माझी मीच काढली होती. केवढा अभिमान होता मला तिचा.

रेघ उतरते, पण आरशात दिसावी तशी उतरते. काल हे मी वर्गात करून दाखवत होतो, पोरांना शिकवायला म्हणून. शेजारच्या पोरीने विचारलं, "मागच्या बाजूने आधी एकदा गिरवत नाही तुम्ही?" बस, एवढंच विचारलं तिने. तिला तिच्या कुठल्यातरी शिक्षकाने सहावीत सांगितलं होतं.

रात्रभर संच डोळ्यांपुढे ठेवून तपासत बसलो असं लिहिणार होतो, पण तपासायला पाव घटकाही लागली नाही. हृदय मी खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या हृदयावरून केलं, म्हणून ते वाचलं. बेडूक तळ्यातला आणून चिरला होता, तोही वाचला. दाढ, जास्वंद, डोळा यांच्या दोन्ही बाजू सारख्या. कान डाव्याचा उजवा झाला, पण माणसाला दोन्ही असतात. राहिले दोघे. वेल आणि गोगलगाय.

तरी आपल्याकडच्या डाव्या असूही शकतात. मी लहानपणी हजारदा बघितल्या असतील. आता डोळे मिटले की त्या भिंतीवर मला लाकडाच्याच दिसतात. पितळी शिंगांच्या.

बघून कळव.

दादा


२४ नोव्हेंबर

धाकट्या,

पोस्टकार्ड आलं नाही. टपाल इथे अकराच्या सुमारास येतं, खालच्या खणांत टाकतात. माझ्या खणाचं झाकण सैल होतं, ते मी नीट बसवलं. (परवानगी घेतली.)

फोन केला, तर "ते दवाखान्यात गेलेत," म्हणाली चिमणीची आई. या वेळी आवाज चढला नव्हता. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? "तेच, जे तुम्ही जायच्या आधी म्हणाले होते, रंगाचा फवारा छातीत बसलाय." मग म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिकडे बसून गोगलगायी काय विचारता हो?" आणि फोन ठेवला. तिला म्हणावं तरी काय, की जाऊन भिंतीवर बघ?

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू म्हणालास, "दादा, विकून टाकू. मी रंगाचा फवारा मारायचं सोडतो, एखादं वह्यापेनांचं दुकान टाकतो." मी म्हणालो, "माझ्या हयातीत नाही." तू म्हणालास, "आणि माझ्या?" मी रंधा पुसत होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू आलं होतं.

आता दुसरी बातमी, जी तुला बहुतेक माझ्याआधी माहीत आहे, कारण माझा नंबर त्यांना तूच दिला असणार. प्लॅस्टिक कंपनीचा माणूस दोनदा बोलला. फार गोड. मला 'कलाकार' म्हणतो. त्यांना सगळा संच हवाय, मूळ लाकडी नमुने, त्यावरून साचे काढणार, खाली पितळी पट्टीवर आपलं नाव जसंच्या तसं ठेवणार. "तुमच्या एकेका नमुन्याच्या लाख लाख प्रती निघतील," म्हणाला. कारखाना माझ्या नावावर, म्हणून सही माझी. डिसेंबरच्या मध्यापर्यंत हवी.

तू मुद्दाम गप्प आहेस हे मी ओळखून आहे. गोगलगाय आणि पोटात पाय. मी सही केली की बोलशील.

मंगळवारी जंगलात गेलो. थंडीने नेचे काळे पडलेत. माझ्या तुकड्यात आता बघण्यासारखं काही नाही, तरी बसलो. पूर्वी मला वाटायचं, बसून काय होणार. आता वाटतं, उठून तरी काय होणार. समुद्रापल्याडच्या एका भिंतीवर एक गोगलगाय आहे, तिचं तोंड एका बाजूला आहे, आणि मला ते बघता येत नाही. माझा भाऊ एका खोलीत खोकतोय, आणि मला तिथलं खिडकीचं दार उघडता येत नाही. हात आहेत, हत्यारं आहेत, पण जिथे लागणार तिथे नाहीत. बाई येऊन शेजारी बसल्या. मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "हो." "मग सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी भांडला असता. गोगलगायीशी कसे भांडणार?" आणि ओंडक्याकडे बोट केलं.

दादा


९ डिसेंबर

धाकट्या,

पार्सल मिळालं.

औषधाची रिकामी डबी, आत कापूस, कापसात कवच. मी ते तिथेच खणांसमोर उभ्या उभ्या उघडलं. टोक वर, तोंड माझ्याकडे.

उजवं.

मग चिठ्ठी वाचली. तुझी चिठ्ठी इथे उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल : "दादा, मला पहिल्या संचापासून माहीत होतं. कवचावरचे पट्टे ओढताना मी भिंतीवरची एक आणून समोर ठेवायचो. ती इकडे, आपली तिकडे. तुला सांगून शिव्या कोण खाणार? आणि खरं सांगू, पट्टे दोन्हींवर सारखेच छान दिसायचे. आता तरी विक."

म्हणून तुझे पट्टे इतके खरे दिसायचे. शाळामास्तर नमुना हातात घेऊन म्हणायचे, अगदी जिवंत वाटते हो, आणि मी मान तुकवायचो. ते तुझ्या पट्ट्यांना म्हणत होते. आपल्या कारखान्यात खऱ्या गोगलगायीकडे बघणारा एकच माणूस होता, आणि तो खिडकीकडे पाठ करून बसलेला, तोंडाला फडकं बांधून.

चिडलो नाही असं नाही. तीस वर्षं! एकदा तरी बोलायचं होतंस. मग माझं मलाच आठवलं की मी कसा ऐकतो.

कवच टेबलावर ठेवलंय. लिहिताना मधे मधे हातात घेतो. ते कितीही फिरवलं तरी तोंड उजवीकडेच येतं.

दादा


१७ डिसेंबर

धाकट्या,

हे पत्र तू बसून वाच. चिमणीच्या आईला नंतर दे.

काल मंगळवार. ओंडका दहिवराने पांढरा झाला होता. गोगलगाय सापडली. सालीखाली शिरून बसलीय, कवचाच्या तोंडावर कागदासारखा पातळ पापुद्रा ओढून. आत आहे, पण बंद. बाई म्हणाल्या, ऊब आली की आपली आपण उघडेल, टिचकी मारून उघडत नसते. मी तिला होती तशी सालीखाली ठेवली. मग तुझी आठवण आली, आणि माझीही. आपण दोघंही तसेच.

हातभर जमिनीपुढे बसलं की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. तिथे माझी कोणालाच गरज नाही. मी नसतो तरी गोगलगायीचं तोंड उजवीकडेच वळलं असतं, वेल आपल्याच बाजूने चढला असता. मी आयुष्यभर समजत होतो की मी नमुने केले नाहीत तर पोरांना बेडूक कळणार नाही. बेडूक तळ्यात होताच की. यात समाधान आहे असं बाई म्हणतात. असेल. मला अजून नुसतं लहान वाटतं.

परवा कंपनीचा माणूस बोलला. मी त्याला म्हटलं, दोन नमुने चुकलेत, मला उन्हाळ्यापर्यंत मुदत द्या, नव्याने करून देतो. तो म्हणाला, कॅटलॉग छापून झालाय. म्हटलं, मग ते दोन वगळा. म्हणाला, संच मोडत नाही. मी त्याला सगळं समजावलं, टोक वर, तोंड आपल्याकडे. तो ऐकत होता. मग हसून म्हणाला, "कलाकार, गोगलगाय कुठल्या बाजूला बघते यावर कोणाचं पोट अवलंबून आहे का हो?"

कोणाचं पोट अवलंबून आहे ते मला माहीत होतं. चिमणी माहीत होती. तुझी छाती माहीत होती. तुझं वह्यापेनांचं दुकान मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याच्या फळ्या कुठल्या लाकडाच्या कराव्यात हेही मनात ठरून गेलं.

दुसऱ्या बाजूला कोण होतं म्हणशील, तर कोणीच नाही. एक किडा, आणि कुठल्यातरी वर्गातलं एखादं पोर, जे घरामागच्या भिंतीवरची गोगलगाय बघेल, मग टेबलावरची बघेल, आणि भिंतीवरचीच चुकली असं समजेल. मी तसंच समजलो होतो. इथे येऊन, चार चार हातात धरून.

हे मी खरेपणासाठी केलं की पट्टीवरच्या नावासाठी, ते मला सांगता येत नाही. घासून बघितलं. दोन्हींचा भुसा एकाच रंगाचा निघतो.

फवारा आजपासून बंद कर. थिनरचे डबे चिमणीच्या आईला भंगारात द्यायला सांग, तू हात लावू नकोस. मार्चमध्ये मी येतोय. गोगलगाय आणि वेल नव्याने कोरीन, कवच समोर ठेवून. रंग मी देईन, कुंचल्याने, पाण्यातले. मला येत नाहीत. तू बाहेर मोकळ्या हवेत खुर्ची टाकून बस आणि खिडकीतून शिव्या दे. कोण विकत घेईल, माहीत नाही. दुकानाचं काय करायचं, तेही माहीत नाही. उपाय सापडलाय म्हणून हे लिहीत नाहीये. उपाय नाही, हे तुला माझ्याच तोंडून कळावं म्हणून लिहितोय.

बाईंकडून ते कार्ड परत मागून घेतलं. त्याला मागची बाजू होती. तिथे तुझं नाव घातलं.

कंपनीने संचाचे, नावासकट, साडेसतरा लाख देऊ केले होते. निम्मे तुझे. मी नाही म्हणून सांगितलं.

दादा